पिशवीतला कांदा

भूलपूर्व तपासणीच्या ओपीडीत त्या दिवशी त्याचा नंबर सोळावा होता. साडेतीन वर्षांचा मुलगा, जन्मापासून ऐकू येत नाही, कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे आतल्या कानात ऐकण्याचं यंत्र बसवायला आलेला. सरकारी योजनेतून मंजुरी मिळालेली, शस्त्रक्रिया चार दिवसांवर. अशी मुलं आमच्याकडे नेहमीच येतात. छाती ऐकायची, सर्दी-खोकला नाही ना बघायचं, रक्ताचे रिपोर्ट चाळायचे, सही करायची. फाइलमधल्या ईसीजीवर कुणीतरी ‘नॉर्मल’ लिहून ठेवलेलंच होतं. मीही पेनाचं टोपण काढलं होतं.

तेवढ्यात पोरगं खुर्चीवरून उतरून दाराकडे पळालं. आजी धडपडत मागे धावली आणि तिच्या कापडी पिशवीतून एक कांदा घरंगळत माझ्या टेबलाखाली आला.

“कांदा कशाला हो आजी?”

“फिट येतीया त्याला. हुंगवला की उठतंय.”

फिटचं औषध चालू असल्याची एक ओळ फाइलमध्ये होती, मी ती वाचलीही होती. मेंदूचा आलेख नॉर्मल. पण फिट येते कधी, हे कुणी विचारलेलं दिसत नव्हतं. मी विचारलं.

“पळाया लागलं की. न्हाईतर लई रडलं की. झोपंत कधी न्हाई.” पांढरा पडतो, कोसळतो, थोडे हातपाय झाडतो आणि मिनिटाभरात उठून पुन्हा खेळायला लागतो. वर्षभरात चार वेळा.

आकडी येऊन गेली की मूल सहसा ग्लानीत जातं, तासभर झोपतं. हा लगेच उठून खेळत होता. मी पेन खाली ठेवलं आणि ईसीजी काढून समोर धरला.

ठोका सुरू झाल्यापासून हृदय पूर्ववत होईपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी; नाडीच्या वेगानुसार तो जुळवून घेतला की क्यूटीसी. मशीनने वर क्यूटीसी छापला होता 446 मिलिसेकंद. पण टी लाट, जिथे संपते तिथे क्यूटी संपतो, ती पसरट होती, लोळत लोळत पुढे गेलेली, आणि मशीनने ती अर्ध्यावरच संपली असं धरलं होतं. मी हाताने मोजायला बसले. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन 40 मिलिसेकंदांचा. क्यूटी अकरा चौकोन, म्हणजे 440. दोन ठोक्यांमधलं अंतर पंधरा चौकोन, म्हणजे 600. क्यूटीसी काढायच्या बॅझेटच्या सूत्रात घातलं, उत्तर आलं 568. पुन्हा मोजलं. तेच. हा आकडा 500 च्या वर गेला की आमच्या पोटात गोळा येतो.

जन्मजात बहिरेपण आणि लांबलेला क्यूटी ही जोडी मी पुस्तकात वाचली होती, समोर कधी बघितली नव्हती. 1957 साली नॉर्वेतल्या जेरवेल आणि लँगे-नील्सन या दोघांनी एका कुटुंबाची हकीकत लिहिली: सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी, अधूनमधून बेशुद्ध पडणारी, त्यांतली तीन अचानक गेली. आईवडील मात्र ठणठणीत.

मी आईला विचारलं, “लग्न नात्यातलं का?”

ती हसली. “सासूबाई म्हंजे माझ्या सख्ख्या आत्याच की.”

शस्त्रक्रिया पुढे ढकलली म्हटल्यावर वडील भडकले. मंजुरीसाठी चार महिने खेटे घातले होते, वय निघून गेलं तर योजना हातची जाईल ही भीती. त्यांचं चुकत नव्हतं. पण मला दिसत होतं ते ऑपरेशन टेबल. मास्क लावताना मूल रडणार, म्हणजे अॅड्रेनलिनचा लोंढा. भुलीचा वायू क्यूटी आणखी ताणणार. शेवटी उलटी होऊ नये म्हणून आम्ही सर्रास देतो ते ऑन्डान्सेट्रॉनही तेच करणार. तिन्ही गोष्टी आम्ही रोज करतो. त्या लेकरावर मीच केल्या असत्या.

आणि कांदा? अशा वेळी हृदयाचे ठोके पिळवटल्यासारखे सैरावैरा धावतात, मेंदूला रक्त पोचत नाही, मूल पडतं. नशीब बरं असेल तर ताल आपोआप जागेवर येतो. श्रेय कांद्याला मिळत होतं.

जनुकीय चाचणीचा रिपोर्ट सहा आठवड्यांनी आला. तोवर हृदयरोगतज्ज्ञांनी प्रोप्रॅनोलॉल, हृदयावरचा अॅड्रेनलिनचा मारा थोपवणारं औषध, सुरू केलं होतं आणि फिटचं औषध हळूहळू बंद झालं होतं. केसीएनक्यू1 या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, दोन्हींत अगदी तोच बिघाड. एक आईकडून, एक वडिलांकडून. हे जनुक पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारं दार बनवतं. हृदयात त्या दारामुळे ठोक्यानंतर पेशी पूर्ववत होते, आणि आतल्या कानातल्या द्रवात पोटॅशियम पोचतं तेही त्याच दारातून. म्हणून हृदय आणि कान दोन्ही गेले.

आईवडिलांचे ईसीजी मात्र जवळपास नॉर्मल होते. आजीचा तर अगदी व्यवस्थित, आणि चाचणीत तिच्याकडेही एक बिघडलेली प्रत निघाली. “मला काय झालंय? साठ वर्सं रानात राबले,” ती म्हणाली. प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला मी खाटेचा आधार घेतला.

हे दार चार तुकड्यांचं असतं, खाटेला चार पाय तसं. तुमच्या घरात पाय करणारे दोन सुतार. त्यातला एक अर्धवट तुकडे करतो, जे खाटेला बसतच नाहीत. मग खाटा निम्म्या होतात, पण झालेली प्रत्येक खाट भक्कम. आजीचं तसं. नातवाच्या वाट्याला दोन्ही सुतार तसलेच आले. खाटच नाही.

जे त्यांना सांगितलं नाही ते इथे लिहिते, कारण मला स्वतःला ते कळायला वेळ लागला होता. याच जनुकात कधीकधी एखाद्याच अक्षराचा बदल असतो, कागदावर किरकोळ दिसणारा. पण तो सुतार पाय पूर्ण करतो, फक्त किडका, आणि तो खाटेला बसतो. मग चारही पाय धड असलेली खाट सोळांत एकच निघते. अशा माणसाला एकच बिघडलेली प्रत असून पोहताना, धावताना चक्कर येते. आजीच्या प्रतीतून प्रथिनच धड बनत नव्हतं आणि ती साठ वर्षं भांगलण करत होती. आणि हेही पूर्ण खरं नाही. एकच बदल असलेल्या दोन सख्ख्या भावांतही एक पडतो, दुसरा पडत नाही. इतर जनुकं, घेतलेली औषधं, जुलाबांनी घटलेलं पोटॅशियम, सगळ्याचा हात लागतो. म्हणून टाळायच्या औषधांची यादी आम्ही तिघांच्याही हातात ठेवली.

इम्प्लांट पुढे तीन महिन्यांनी झालं. शॉकचे पॅड छातीला चिकटवून, ताल बिघडला तर द्यायचं मॅग्नेशियम सिरिंजमध्ये भरून, मी शिरेतून भूल दिली. काहीही घडलं नाही. आमच्या धंद्यात याहून चांगली बातमी नसते.

पण रिपोर्टच्या दिवशीची एक गोष्ट राहिली. सगळं ऐकून झाल्यावर आजी गप्प बसली होती. मग हळूच म्हणाली, “आमचं साटंलोटं हाय बाई. माझी धाकटी हिच्या भावाला दिलीया. साखरपुडा झालाय.”

मी आकडे सांगितले. मुलीकडे ती प्रत असण्याची शक्यता निम्मी, तिच्या होणाऱ्या नवऱ्याकडेही निम्मी. दोघांकडे निघाली तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक. आणि दोघांपैकी एकाकडे जरी नसली तरी हा आजार मुलात यायचा नाही. तेव्हा आधी दोघांची चाचणी करा. आजीने सुनेकडे पाहिलं, सुनेने खिडकीकडे. “भावकीत काय सांगायचं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेल्या आठवड्यात ती धाकटी एकटीच आली. कॉलेजच्या बॅगेत आईच्या रिपोर्टची झेरॉक्स. घरी सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. रक्त देताना तिने मान फिरवली आणि विचारलं, किती दिवस लागतील?

सहा आठवडे, मी म्हटलं. लग्न आठव्यात आहे.