परदेशातलं माझं काम आणि ४४ बाइट्स

घरून फोन आला की हमखास विचारणा होते, "तिकडे नेमकं करतेस काय?" सध्याचं काम खरंच सांगण्यासारखं आहे, म्हणून लिहिते.

आमची टीम ब्राउझरमध्ये ध्वनिमुद्रणं तपासणारं साधन बनवते. त्यासाठी जावास्क्रिप्टमधून (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) वेव्ह फाइलचे, म्हणजे ध्वनी साठवणाऱ्या फाइलचे, कच्चे बाइट्स वाचावे लागतात. साध्या वेव्ह फाइलचा हेडर, म्हणजे सुरुवातीचा माहितीचा भाग, ४४ बाइट्सचा. त्यातल्या आकड्यांना नावं नसतात, फक्त जागा ठरलेल्या. शून्यापासून मोजलं तर २२ वर चॅनेलची संख्या, २४ वर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले तो आकडा. सी भाषेत अशा रेकॉर्डसाठी स्ट्रक्ट, म्हणजे नावं दिलेल्या फील्डचा साचा, असतो. जावास्क्रिप्टमध्ये मिळतो तो अ‍ॅरेबफर, म्हणजे नुसती सलग मेमरी. तिचा अर्थ डेटाव्ह्यू या जावास्क्रिप्टच्याच साधनाने लावायचा.

खरी गोम बाइटच्या क्रमात आहे. वेगळं सांगितलं नाही तर डेटाव्ह्यू बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) धरून चालतो, आणि वेव्ह असते लिटल-एंडियन (लहान किमतीचा आधी). ४४१०० हा सॅम्पल रेट फाइलमध्ये हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) ४४ एसी ०० ०० असा बसतो. वाचताना ऑफसेटनंतरचं (ऑफसेट म्हणजे सुरुवातीपासून मोजलेली जागा) लिटल-एंडियन सांगणारं 'ट्रू' राहून गेलं, तर त्याचेच होतात १,१५,२१,२२,८८०. एरर नाही, इशारा नाही! चुकीचा आकडा गुपचूप पुढे जातो, याची मला फार धास्ती वाटते.

टाइप्ड अ‍ॅरे ही तीच मेमरी वाचायची दुसरी सोय, एकसारख्या आकड्यांच्या लांब रांगेसाठी उत्तम. वेबजीएलसाठीच, म्हणजे ब्राउझरमधल्या ग्राफिक्ससाठी, ते आले होते. मिश्र रेकॉर्डसाठी मात्र मी ते वापरत नाही. बाइटचा क्रम ते मशीनचा घेतात, आणि आठ-आठ बाइट्सचे आकडे वाचणारा फ्लोट६४अ‍ॅरे तर आठच्या पटीत नसलेल्या ऑफसेटवर थेट रेंजएरर देतो.

म्हणून आम्ही प्रत्येक रेकॉर्डचा तक्ता करतो: फील्डचं नाव, ऑफसेट, प्रकार, बाइटचा क्रम. वाचणारा आणि लिहिणारा कोड, दोन्ही त्यावरूनच चालतात. टीममध्ये प्रत्येकाची मातृभाषा निराळी, इंग्रजीचे उच्चारही निराळे. नवीन असताना मला मीटिंगमधलं निम्मं बोलणं निसटायचं. पण तक्ता पडद्यावर आला की '३४ वर दोन बाइट्स, सॅम्पलचे बिट' हे सगळ्यांना सारखंच कळतं, आणि मलाही ठामपणे हरकत घेता येते.

अर्थात ४४ हा आकडाही कायम भरवशाचा नाही. ध्वनीच्या डेटाआधी इतर चंक, म्हणजे फाइलचे तुकडे, येऊ शकतात. प्रत्येक चंकची चार अक्षरी ओळख वाचायची, पुढच्या चार बाइट्समधून त्याची लांबी घ्यायची, लांबी विषम असेल तर भरतीचा एक बाइट जास्त ओलांडायचा, आणि असं 'डेटा' चंकपर्यंत जायचं. या आठवड्यात मी तोच भाग लिहिते आहे.