कुलाबा तट, फेरी पाचवी: अखेर सांधे दिसले!

परवा वद्य तृतीयेला सकाळी सव्वाआठला अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याच्या पश्चिम तटाखालच्या कातळावर फोटो काढले आणि रात्री त्यांतून बनवलेल्या थ्रीडी मॉडेलमध्ये पहिल्यांदाच चिऱ्यांमधल्या फटी खोल दिसल्या. आधीच्या चारही फेऱ्यांत त्या बुजून आल्या होत्या. एका फटीच्या आतली कालवंसुद्धा दिसली, ती मी कितीतरी वेळ फिरवून फिरवून पाहत बसलो.

मला या फटीच हव्यात. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्याचा तट चुन्याशिवाय, नुसते अजस्र चिरे रचून उभा केलाय. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. उद्या कुणी सांधे सिमेंटने लिंपले, तर मूळ रचना दाखवायला अशा नोंदीच लागतील.

अडत होतं ते भरती-ओहोटीवर. तिथी गुणिले पाऊण म्हणजे भरतीची वेळ, ओहोटी तिच्या सहा तास आधी आणि नंतर, हा हिशोब करून बघा. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. पहाटे अंधार. संध्याकाळी मावळतीचं ऊन थेट पश्चिम तटावर, त्यात फटी काळ्याकुट्ट होतात आणि सॉफ्टवेअर त्यांच्यावरून सपाट पृष्ठभाग ओढून टाकतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, पण भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरती-ओहोटीचं, पाणी खालचे थर उघडे पडण्याइतकं हटत नाही. तृतीयेला उधाणाचा जोर अजून असतो, ओहोटी सव्वाआठला आणि सूर्य तटाच्या पाठीमागे. मऊ, सारखी सावली! चतुर्थीही चालली असती, पण संकष्टीला गडावरच्या सिद्धिविनायकाला गर्दी असते.

ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून सगळं हातानेच. ३५ मिमीची फिक्स्ड लेन्सच वापरा. मोबाइलची वाइड लेन्स कडा वाकवते, तिच्या नादी लागू नका.

खालचे दोन थर मात्र अजून फसतात. ओले दगड चमकतात आणि तिथे मॉडेलला भोकं पडतात. पुढच्या तृतीयेला पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावून हाच भाग पुन्हा घेणार होतो.

पण लिहिता लिहिता सुचलं: हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणजे सर्जेकोट या शेजारच्या छोट्या किल्ल्याकडचा उत्तर तट दिवसभर सावलीत! तिथे पौर्णिमेची संध्याकाळची ओहोटीही चालेल. मग आधी उत्तर तट, येत्या पौर्णिमेलाच. पोलरायझर बरोबर नेतोय.