अपघातानंतर एक माणूस पेशंटजवळ, एक माणूस कागदांजवळ

कारच्या अपघातात घरचं माणूस जखमी झालंय, हॉस्पिटलला नेलंय, आता पुढं काय करायचं असं विचारणारे फोन मला अधूनमधून येतात, कारण आमच्या दाजींचं सगळं मी आणि ताईनं मिळून सांभाळलं हे कराडात ओळखीच्या लोकांना माहितीय. पुण्याहून येताना खंबाटकीच्या अलीकडं ट्रकनं मागून त्यांची कार ठोकली, उजवा खांदा निखळला आणि त्याच बाजूचं कॉलर बोन मोडलं. दाजी वायरमन आहेत. म्हणजे हात डोक्याच्या वर जाणं हेच त्यांचं पोट. फोनवर सगळं सांगणं होत नाही म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी १०८ लावा, नाहीतर ११२. हायवेवर असाल तर १०३३ पण आहे. गाडीतून माणसाला ओढून काढायची घाई करू नका, आग लागायचा धोका नसेल आणि मान किंवा पाठ दुखतीय असं तो म्हणत असेल तर ॲम्ब्युलन्सवाले येईपर्यंत हलवायचं नाही, रक्त येत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, आणि प्रेमापोटी पाणी पाजू नका, ऑपरेशन लागलं तर भूल द्यायला अडचण होते. आणि रस्त्यात दुसऱ्याचा अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीनं पुढं निघून जाऊ नका हो. २०१६ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं आणि २०१९ ला मोटार वाहन कायद्यातच कलम १३४अ आलं, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, त्याला अडकवून ठेवता येत नाही. दाजींना ज्या दोन पोरांनी बाहेर काढलं ती पोरं थांबली म्हणून पुढचं सगळं झालं, त्यांचं नाव आम्हाला आजही माहीत नाही.

आता हॉस्पिटल. इथं घरातल्या दोघांनी कामं वाटून घ्यावीत असं माझं ठाम मत आहे. एक जण पेशंटजवळ आणि एक जण फक्त कागदांजवळ. कॅज्युअल्टीत पहिलं काम म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस केस म्हणून हॉस्पिटलची नोंद) झाली का ते विचारणं, प्रायव्हेट असलं तरी विचारायचं, कारण त्याच नोंदीवरून पोलिसांना खबर जाते. आणि तिथला ज्युनियर डॉक्टर विचारतो, कसं झालं? रात्रीची वेळ, सगळे घाबरलेले, आणि पोलिसांचं लफडं नको म्हणून कुणीतरी नातेवाईक पटकन सांगून टाकतो की घसरून पडले. ती एक ओळ केस पेपरवर कायमची बसते आणि पुढं इन्शुरन्स कंपनीचा वकील कोर्टात तीच ओळ वाचून दाखवतो, की बघा, हा अपघात गाडीचा नव्हताच. त्यामुळं जे झालं ते जसंच्या तसं सांगा, गाडी कुठली, नंबर काय, कुठं धडक बसली.

दाजींच्या केस पेपरवर धडकेचं बरोबर लिहिलं होतं पण खांदा डावा लिहिला होता. हात उजवा सुजलेला, एक्स-रे उजव्याचा, आणि कागदावर डावा! ताईनं ते वाचलं, तिनं त्याच रात्री डॉक्टरांना गाठून दुरुस्ती करून घेतली, खोडून बाजूला त्यांची सही आणि वेळ टाकून घेतली. डॉक्टर वैतागले, ताई हटली नाही. मला विचाराल तर आमच्या केसमधलं सगळ्यात मोठं काम तिथंच झालं.

पैशाचं टेन्शन असतंच. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार, पण नेमून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये, आणि पोलिसांकडं नोंद लागतेच. काउंटरला स्वतःहून विचारा, कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

अजून एक, घरी सोडलं म्हणजे संपलं असं नाही. डोक्याला मार असेल तर उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, नुसतीच झोप येणं, बोलताना गडबड, यातलं काहीही दिसलं की रात्र असली तरी परत न्यायचं. सीट बेल्टचा वळ पोटावर उठला असेल आणि पोट दुखत असेल तर तेही अंगावर काढू नका.

पोलीस जबाब घ्यायला वॉर्डातच येतात. वाचून मगच सही करा, वाचता येत नसेल तर दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला लावा. ज्या हद्दीत अपघात झाला ते स्टेशन लांब असेल तर झिरो एफआयआर कुठल्याही स्टेशनला होतो. एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल घेऊन ठेवा, ट्रकचा विमा कुठल्या कंपनीचा आहे ते गाडीच्या नंबरवरून एमपरिवहन ॲपवर बघता येतं. हाड मोडलं असेल तर कायद्यात ती गंभीर दुखापत धरतात, हॉस्पिटलच्या दुखापतीच्या सर्टिफिकेटवर फ्रॅक्चर स्पष्ट लिहिलंय का ते बघा.

मग तडजोडवाले येतात. आमच्याकडं ट्रकमालकाचा माणूस आला, हातात नोटा आणि टाइप केलेला कागद, आमची काही तक्रार नाही म्हणून. चांगल्या घरातली माणसं इथं विरघळतात, ड्रायव्हर गरीब आहे, त्याच्या पोराबाळांचं काय म्हणून सही करून देतात. मला ती भावना कळते, पण भरपाई ड्रायव्हरच्या खिशातून सहसा जात नाही, विमा असेल तर कंपनी देते, थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, सक्तीचा आहे तो याचसाठी. सही करून तुम्ही ड्रायव्हरला फार वाचवत नाही, तुमच्याच माणसाचा हक्क जातो.

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा, अपघात जिथं झाला तिथं किंवा आपण राहतो तिथलं पण चालतं, त्यामुळं प्रत्येक तारखेला लांब पळायची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला ६ महिन्यांची मुदत आहे. उपचार संपू देत मग बघू म्हणत थांबू नका, उपचार चालू असतानाही अर्ज करता येतो. वकील जवळचा बघा पण कोऱ्या कागदावर सही नाही. धडक मारून गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाला तर वारसांना २ लाख मिळतात, तो अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडं जातो.

बिलांचं काय करायचं? मेडिकलवाल्याची ती गुळगुळीत कागदावरची बिलं थोड्याच महिन्यांत पांढरी पडतात, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स. डॉक्टरची चिठ्ठी आणि बिल एकत्र टाचायचं. फिजिओची पावती, रिक्षाचं भाडं, कामाचा बुडालेला रोज, सगळं एका फायलीत.

अपंगत्वाचं मात्र नीट समजून घ्या. सिव्हिल हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डानं अपंगत्वाची टक्केवारी दिली की लोकांना वाटतं कमाई पण तेवढीच टक्के गेली असं कोर्ट धरणार. तसं नाहीये. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की शरीराचं नुकसान किती हे वेगळं आणि त्या माणसाच्या कामधंद्यावर परिणाम किती हे वेगळं. खांदा अर्धाच वर जातो, ऑफिसात बसणाऱ्याचं त्यात भागेल, वायरमनचं कसं भागेल? शिडीवर चढून पंख्याचा हुक तरी गाठता येतो का? म्हणून दाजींचं वायरमनचं लायसन्स, जुन्या कामांची बिलं, ज्यांच्याकडं ते काम करायचे त्या कॉन्ट्रॅक्टरचा जबाब हे आम्ही सगळं दाव्याला जोडलंय.

दावा अजून चालू आहे. दाजी आता खालची स्विचबोर्डाची कामं घेतात, वरची कामं हाताखालचा पोरगा करतो आणि त्याला द्यावा लागणारा पगार ताई वहीत लिहून त्याची सही घेते, वकिलांनी तेही मागितलंय.