कूलर बसला की वाय-फाय का पडते

नागपूरच्या महाल भागातील आमचे घर रुंदीला जेमतेम १८ फूट आणि लांबीला ७० फुटांच्या आसपास आहे. गल्लीकडच्या बैठकीत फायबरची तार येते. तिच्यामागे माजघर, मग उघडा चौक आणि चौकापलीकडे मागची खोली, जिथे बसून मी जीएसटीच्या विवरणपत्रांची कामे करते आणि माझी पुतणी अभ्यास करते. जुन्या भागाच्या भिंती विटा-चुन्याच्या असून दीड-दोन फूट जाड आहेत. बैठकीतल्या एका राउटरची मजल मागच्या खोलीपर्यंत जाणार नाही हे पहिल्या दिवसापासून दिसत होते, म्हणून नवीन राउटर घेतला तेव्हा जुना भंगारात न देता मी तो मागे बसवला.

या दोघांच्या वयात मोठे अंतर आहे. नवीन राउटर वाय-फाय ६ पिढीचा, म्हणजे २०२१ साली मंजूर झालेल्या ८०२.११एएक्स मानकाचा आहे आणि २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा रेडिओ लहरींच्या दोन्ही पट्ट्यांवर चालतो. जुना ८०२.११एन मानकाचा आहे, जे २००९ सालचे. त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते आणि त्याच्या मागचे पोर्ट, म्हणजे तार लावायच्या खाचा, १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिटच्या) पुढे जात नाहीत. मी त्याला बिनतारी पुल म्हणून, सेटिंगच्या भाषेत डब्ल्यूडीएसवर, ठेवले होते. या व्यवस्थेत जुना राउटर पुढच्याकडून हवेतूनच माहिती घेतो आणि त्याच रेडिओवरून ती फोनला देतो. ऐकणे आणि सांगणे आळीपाळीने करावे लागत असल्याने वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. तरी हिवाळाभर मागे कामापुरता वेग मिळत होता आणि तेवढ्यावर आमचे भागत होते.

होळी झाली आणि तक्रारी सुरू झाल्या. पुतणी म्हणू लागली, "काकू, सिग्नल तर फुल दाखवून राहिला, पण काहीच उघडून नाही राहिलं." एप्रिलच्या २० तारखेच्या आत जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरायचे असताना पोर्टल मध्येच निघून जाई आणि पुन्हा ओटीपीपासून सुरुवात करावी लागे. सेवा देणाऱ्या कंपनीचा मुलगा येऊन गेला. त्याने बैठकीत लॅपटॉपला तार जोडून ९४ एमबीपीएस दाखवले आणि म्हणाला, "ताई, लाइन तर बरोबर येऊन राहिली, तुमचा मागचा डबाच जुना आहे." लाइनीबद्दल त्याचे म्हणणे खरे होते. जुन्या डब्याबद्दलचे मला पटले नाही, कारण तोच डबा जानेवारीत नीट चालत होता आणि तीन महिन्यांत कोणताही राउटर एवढा म्हातारा होत नाही.

मी एक वही घेतली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे ठरवले.

सर्वांत आधी पुतणीच्या वाक्याचा उलगडा झाला. फोनच्या कोपऱ्यातल्या रेषा फोन ज्या राउटरला जोडलेला आहे त्याचा सिग्नल किती जोरात येतो तेवढेच सांगतात. जुना राउटर पुतणीपासून आठ फुटांवर होता, त्यामुळे रेषा पूर्ण दिसणारच. पण जुना आणि नवा यांच्यामधली जोडणी किती घट्ट आहे हे त्या रेषांतून अजिबात कळत नाही, आणि आमचा बिघाड नेमका तिथे होता. ते मोजण्यासाठी मी जुना राउटर बंद केला, फोन त्याच्या जागी ठेवला आणि पुढच्या राउटरचा सिग्नल तिथे किती पोहोचतो ते एका मोफत अॅपवर पाहिले. आकडा आला उणे ८४ डीबीएम. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप, आकडा शून्यापासून जितका खाली तितका सिग्नल कमजोर. उणे ७० पर्यंत काम नीट चालते, उणे ८० च्या खाली जोडणी केवळ नावापुरती उरते.

दुसरी गोष्ट सकाळी सापडली. नवीन राउटरचे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातला तो वापरतो तो क्रमांकाचा भाग, 'ऑटो'वर होते. रात्री गल्लीत गर्दी कमी झाली की तो मोकळे चॅनेल शोधून तिकडे सरकत असे. डब्ल्यूडीएसमध्ये दोन्ही राउटर एकाच चॅनेलवर असावे लागतात आणि आमचा जुना ६ क्रमांकावर ठाण मांडून बसलेला. नवा १ किंवा ११ वर गेला की मागची खोली पुढचा माणूस उठून काही करेपर्यंत तुटलेलीच राही. मी दोन्हीकडे ६ पक्के केले. सकाळची तक्रार थांबली, दिवसाची थांबली नाही.

मग तो रविवार आला ज्या दिवशी कूलरचे पाणी बदलायचे होते. आमचा कूलर लोखंडी पत्र्याचा, तीन फुटी, तीन बाजूंनी वूडवूल आणि खाली ऐंशी लिटर पाण्याची टाकी असलेला आहे. तो माजघराच्या चौकाकडील खिडकीला बाहेरून लावलेला असतो. धुण्यासाठी आम्ही तो स्टँडसह चौकाच्या कोपऱ्यात सरकवला आणि त्याच वेळी मागून पुतणीची हाक आली की नेट आले. मी फोन घेऊन मागे गेले. उणे ६७.

मी तो पुन्हा खिडकीला लावला, रिकामाच. उणे ७९. पाणी भरले. उणे ८४. पंखा आणि पंप चालू केले, बंद केले, आकडा तिथेच राहिला, म्हणजे मोटरचा दोष नव्हता. डेसिबलच्या हिशोबात दर १० ला ताकद दहापट बदलते. उणे ६७ आणि उणे ८४ यांतला १७ चा फरक म्हणजे मागे पोहोचणारा सिग्नल पन्नासाव्या हिश्श्यावर येणे. चौकाच्या दगडी पायरीवर बसून हे आकडे लिहिताना घराचा नकाशा मला वेगळाच दिसू लागला. मी समजत होते की लहरी जाड भिंती भेदून मागे येतात. तसे नव्हते. त्या भिंतीत एकच पातळ जागा होती, ती खिडकी, आणि हिवाळाभर सगळी ये-जा तिच्यातूनच चालली होती. होळीनंतर आम्ही नेमके तिलाच पत्र्याचे आणि पाण्याचे बूच लावत होतो. पत्रा लहरी परत फेकतो आणि पाणी शोषते. येथे एक गैरसमज वारंवार ऐकू येतो की २.४ गिगाहर्ट्झ ही पाण्याच्या कंपनाची खास वारंवारिता आहे. तशी ती नाही. पाणी लहरींच्या फार मोठ्या पट्ट्यात शोषण करते, आणि ५ गिगाहर्ट्झला तर त्याहून जास्त.

नागपुरात कूलर काढा असे कोणाला सांगता येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि माजघरात आई-बाबा दुपारची झोप घेतात. तेव्हा हवेतला पूल मोडून तारेचा बांधायचा हे नक्की झाले. सीताबर्डीहून ३० मीटर कॅट-६ केबल आणली, बाहेरच्या वापराची, काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची, कारण आमच्या उन्हात घरातली साधी राखाडी केबल दोन उन्हाळ्यांत तडकते. चौकाच्या कडेने पाइपातून ती मागे नेली. इथरनेटची मर्यादा १०० मीटर आहे, त्यामुळे लांबीची चिंता नव्हती.

चिंता निघाली ती टोकांची. आठ तारांचे चार पीळ असतात. प्लगमध्ये मी ते पिळाप्रमाणे ओळीने बसवले: नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची, तपकिरीची. दिसायला सरळ आणि दोन्ही टोकांना सारखे. टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागले. तरीही राउटरवर जोडणी कधी १० एमबीपीएसवर उतरे, कधी सुटे. दोन संध्याकाळी मी पोर्टला दोष देत बसले. मग रंगांचा क्रम पुन्हा तपासला आणि चूक सापडली. खरा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे. हिरव्याची जोडी मुद्दाम फाकवून तिसऱ्या आणि सहाव्या जागी न्यायची असते, कारण १०० एमबीपीएसची ये-जा १-२ आणि ३-६ या जोड्यांवरून होते. मी ३ आणि ६ वर दोन वेगळ्या पिळांतल्या तारा दिल्या होत्या. वीज पोहोचत होती म्हणून दिवे लागत होते, पण एकमेकींना न पिळलेल्या तारा शेजारच्यांचा गोंगाट उचलतात आणि माहिती विस्कटते. स्वस्त टेस्टर ही चूक कधीच दाखवत नाही. प्लग कापले, पीळ शक्य तितका कमी उसवून नवीन दाबले आणि जोडणी स्थिर झाली.

जुन्या राउटरला आता घरासाठी पत्ते वाटायचे नव्हते, फक्त तारेतून आलेले हवेत सोडायचे होते. त्याची पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद केली, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ होता तो १९२.१६८.१.२ केला आणि केबल बाहेरच्या लाइनीसाठीच्या निळ्या वॅन पोर्टमध्ये न लावता घरातल्या जोडणीच्या पिवळ्या लॅन पोर्टमध्ये लावली. हे तिन्ही एकत्र झाले पाहिजे. मध्यंतरी मी राउटर एकदा मूळ स्थितीत नेला होता आणि पत्तेवाटप बंद करायचे राहून गेले होते, तेव्हा घरात विचित्र प्रकार झाला: बाबांचा फोन चाले, माझा चालत नसे. ज्याला जुन्याने पत्ता दिला त्याला बाहेरचे दारही जुनाच सांगे, आणि तिथे तर रस्ता नव्हताच. फोनच्या वाय-फाय तपशिलात 'गेटवे', म्हणजे हे बाहेरचे दार, पाहिल्यावर एका मिनिटात खुलासा झाला. डब्ल्यूडीएस बंद करायलाही विसरू नये. तार आणि हवा असे दोन्ही पूल एकदम चालू राहिले की माहिती गोल फिरत राहते. आमच्याकडे दोन्ही राउटरचे सगळे दिवे एकाच लयीत झपाट्याने लुकलुकू लागले आणि पूर्ण घराचे नेट गेले होते.

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवले, चॅनेल मात्र वेगळे: पुढे १, मागे ११. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांवर न चढणारे आहेत, आणि भिंतीला भिंत लागून घरे असलेल्या आमच्या गल्लीत २२ वाय-फाय जाळी दिसतात, म्हणून चॅनेलची ४० मेगाहर्ट्झची रुंदी मी घेतली नाही, २० वरच राहिले. पुढच्या खोल्यांतले फोन ५ गिगाहर्ट्झवर गेले की हा पट्टा आणखी मोकळा होतो. २०१८ साली भारतात त्या बाजूच्या ६०५ मेगाहर्ट्झ लहरी परवानामुक्त झाल्याने तिथे जागाही भरपूर आहे. सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे डब्ल्यूपीए२, एईएस असा सारखा केला. जुन्यावर पूर्वी टीकेआयपी हा सुरक्षेचा जुना प्रकार निवडलेला होता. तो असेपर्यंत एन मानकाचा राउटर ५४ एमबीपीएसच्या वर जोडणी देतच नाही. एवढ्या एका बदलाने मागचा वेग १८ वरून ६० च्या पुढे गेला, आणि तो आनंद मला कोणत्याही नव्या खरेदीपेक्षा मोठा वाटला.

आईंचा फोन मात्र मागे आला तरी पुढच्या राउटरला धरून बसे. कोणता राउटर सोडायचा आणि कधी, हा निर्णय फोनचा असतो. पुढच्याची २.४ ची ताकद 'हाय'वरून 'मीडियम'वर आणल्यावर तो चौक ओलांडताना आपोआप बदलू लागला.

राहता राहिली दुपार. जुना राउटर मागच्या खोलीत टिनाखालच्या माळ्यावर होता आणि दोन ते चारच्या दरम्यान स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होई. अशा घरगुती यंत्रांना साधारणपणे ४० अंशांपर्यंतचीच ग्वाही असते. माळ्यावर हात लावला तर पेटीसुद्धा चटका देत होती. त्याच खोलीच्या जाड भिंतीत देवळी आहे, जिथे पूर्वी कंदील ठेवत. आता तिथे राउटर आहे. तिन्ही बाजूंची भिंत दुपारीही गार असते आणि उघडी बाजू खोलीकडे आहे. अॅडॉप्टरही बदलला, तेवढ्याच व्होल्टचा आणि मूळ क्षमतेपेक्षा थोड्या जास्त अँपिअरचा. नंतर तो एकदाही बंद पडलेला नाही.

कूलर खिडकीलाच आहे, पाण्याने भरलेला. वहीत या महिन्याच्या २० तारखेसमोर मागच्या खोलीचा आकडा ६३ एमबीपीएस आहे. गच्चीवरच्या खोलीत अजून काही पोहोचत नाही. मधे सळयांचा स्लॅब आहे आणि त्यातून हवेचा पूल बांधायचा प्रयत्न मी करणार नाही. पाइपात दुसऱ्या केबलीपुरती जागा ठेवली आहे, पावसाळ्याआधी ती वर जाईल.