जुने अंक युनिकोडमध्ये आणताना: माझा अनुभव

संगणक मासिकाच्या संपादनात इतकी वर्षं काढली, पण सगळ्यात किचकट निघालं ते जुन्या अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणण्याचं काम. ते अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, आठ-बिटी (म्हणजे प्रत्येक चिन्हाला ० ते २५५ पैकी एक कोड देणाऱ्या) मराठी फाँटांत लावलेले. अशा फाइलीत 'क' साठवलेलाच नसतो. असतो तो कुठल्यातरी रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा कोड; फाँट त्या जागी क चं चित्र काढतो. म्हणून आधी प्रत्येक फाइलीशेजारी तिचा नेमका फाँट ठेवला. एकाच घराण्यातल्या दोन फाँटांची मांडणीही वेगळी असू शकते, नावावर जाऊ नये.

मग तक्ता. ३२ ते २५५ असे २२४ कोड त्या फाँटमध्ये छापून काढले आणि प्रत्येकासमोर अक्षर हाताने लिहिलं. बरीच अक्षरं 'अर्धं अक्षर अधिक काना' अशा दोन तुकड्यांत असतात. त्यामुळे बदल करताना लांब जोड्या आधी आणि सुटे कोड शेवटी घ्यावे लागतात. क्रम उलटा झाला की 'गणक'चं 'ग्ाण्ाक' होतं.

संगणक मासिकाची खास डोकेदुखी म्हणजे ओळीत मधेच येणारे रोमन शब्द. साधा मजकूर कॉपी केला की फाँटची माहिती गळते आणि कमांडचं नाव किंवा फाइलचा पत्ता देवनागरी कचऱ्यात बदलतो. आम्ही मजकूर आरटीएफ या फाँटची माहिती टिकवणाऱ्या फाइल-प्रकारात काढला आणि मराठी फाँटचेच तुकडे बदलले. आकड्यांचंही हेच. फाँटवरून तुकडा रोमन की मराठी हे कळलं नाही तर मात्र छापील अंकच उघडावा लागतो.

पुढचा घोळ क्रमाचा. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. ती नुसती एका अक्षरापुढे ढकलून भागत नाही, अख्खं जोडाक्षर ओलांडायला हवं. 'स्थिती'त स् आणि थ दोन्ही. रफार उलट दिशेने जातो: 'मूर्ती'त तो ती नंतर टंकलेला असतो, तो त च्या आधी न्यायचा. रफार आणि अनुस्वार मिळून एकच चिन्ह असेल, जसं 'सर्वांत', तर आधी त्याचे दोन तुकडे करायचे. शेवटी जागेसकट 'ि' शोधायची. शब्दारंभी सुटी राहिलेली वेलांटी टिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली सापडते.

हिंदीसाठी बनवलेली रूपांतरकं (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम) 'वापरणाऱ्यांना'चं हटकून 'वापरणार्यांना' करतात. त्यामुळे 'णार्य' आणि 'र्ह' शोधून एकेक पाहिलं. प्रत्येक 'र्य' सरसकट बदलला तर 'कार्य' बिघडतं, आणि 'गर्हा' तर रफारानेच बरोबर आहे. 'ॲप'ची दोन रूपं निघाली: अ वर चंद्र देऊन केलेलं आणि 'ॲ' हे एकच अक्षर. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. एक रूप टाकून शोधलं तर दुसरं सापडत नाही, म्हणून सगळीकडे 'ॲ' केलं.

नवी पानं आम्ही इनडिझाइन या प्रोग्रॅममध्ये लावली. तिथे परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्यांची जुळणी सांभाळणारी सोय) लावला नाही तर जोडाक्षरं फुटतात. भाषाही मराठी निवडावी. फाँटात सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. मासिकात हिंदी वळणाचा ल मला तरी खटकतो.

रूपांतर झाल्यावर प्रूफ दोनदा वाचलं: एकदा छापील अंकाशी ताडून, एकदा फक्त आकडे आणि कमांडी. कमांडींत सरळ अवतरणचिन्हं वळणदार झाली होती. तशी टंकली तर कमांड चालत नाही. जुन्या किमती आणि कालबाह्य सल्ले मात्र तसेच ठेवले, शुद्धलेखन तेवढं दुरुस्त केलं.

चित्रांचं थोडक्यात. ६४० × ४८० पिक्सेलचा स्क्रीनशॉट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ५.४ सेंमी रुंद भरतो. तो दुप्पट करताना निअरेस्ट नेबर पद्धत (प्रत्येक ठिपका तसाच मोठा करणारी) वापरावी आणि चित्र तपशील न गमावणाऱ्या पीएनजीतच ठेवावं. जेपीईजीत मेनूतल्या अक्षरांभोवती डाग उमटतात.