नॉट नावाचा पक्षी

इंग्लंडमधल्या नॉरफकच्या किनाऱ्यावर, स्नेटिशमला, भरती चढताना हजारो नॉट एकदम उठतात. थवा वळला की पांढरा, पुन्हा वळला की राखाडी. मागच्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत पहाटे उभी राहून पाहिलं, आणि तेव्हापासून या नावाने मला पछाडलंय.

इंग्रजीत नॉट म्हणजे गाठ, पण त्या गाठीशी याचा संबंध दिसत नाही. चारशे वर्षांपूर्वी इंग्रज इतिहासकार विल्यम कॅमडेनने लिहिलं की हे डेन्मार्क आणि इंग्लंडवर राज्य केलेल्या कनूट राजाचे पक्षी, कारण ते डेन्मार्कहून येतात अशी समजूत होती. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली शास्त्रीय नावातही 'कॅन्यूटस' घातलं. दंतकथेत भरतीला 'मागे हट' म्हणणारा तोच कनूट! लाटेच्या कडेकडेने पळणाऱ्या पक्ष्याला ही गोष्ट चिकटणारच. दुसरं मत साधं आहे: नाव त्याच्या आवाजावरून आलं. घशातल्या घशात, तुटक 'नट्'.

मला दुसरं पटतं. पुरावा म्हणून नाही, कानाला. आपली टिटवीही ओरडते तेच तिचं नाव, संस्कृतातला टिट्टिभ तसाच. आणि गंमत बघा, पंचतंत्रातल्या टिट्टिभाचं भांडणही समुद्राशीच, अंडी पळवली म्हणून. कनूटपुढे समुद्र हटला नाही. टिट्टिभाला मात्र त्याने अंडी परत दिली.

आजी ही गोष्ट सांगताना समुद्राचा आवाज काढायची. त्या पहाटे चिखलावरून पाणी सरकत आलं, तसाच.