प्रॉम्प्टरच्या खुर्चीतून

रविवारी भाची वही घेऊन आली. बीएला आहे, मंगळवारी पेपर. नाटकाचे प्रकार आणि ग्रीक रंगभूमी, यावर एक प्रश्न हमखास असतो म्हणे. मामा 22 वर्षं गावच्या जत्रेच्या नाटकात प्रॉम्प्टिंग करतो, म्हणजे त्याला नाटकातलं सगळं कळतं, अशी तिची समजूत. ती मी मोडली नाही.

पहिलाच प्रश्न, "मामा, शोकांतिका म्हणजे शेवटी सगळे मरतात ती ना?"

वहीतही तेच लिहिलं होतं. शेवट दुःखाचा तर शोकांतिका, गोड तर सुखांतिका. मीही हेच धरून चाललो होतो, पण मध्यंतरी पाय मोडून दोन महिने घरी बसलो तेव्हा वाचनालयातून ग्रीक नाटकांची भाषांतरं आणून वाचली आणि गोंधळलो. ईस्किलसची ओरेस्तेसवरची तीन नाटकं घ्या, इ.स.पू. 458 मधली. बायको नवऱ्याला मारते, मुलगा आईला मारतो, आणि शेवटी? अथेन्समध्ये खटला उभा राहतो, मतं पडतात, मुलगा सुटतो, सूडाच्या देवतांची समजूत घातली जाते आणि मिरवणूक निघते. युरिपिडीसच्या 'हेलन'मध्ये तर नवरा-बायको चक्क जहाजातून निसटतात. तरीही या सगळ्या ट्रॅजेडीच. त्यांच्याकडे प्रकार शेवटावरून ठरत नव्हता. कुठल्या उत्सवात, कुठल्या स्पर्धेत, कसल्या कोरससह (म्हणजे एकत्र गाणाऱ्या-नाचणाऱ्या मंडळींसह) आणि कसल्या भाषेत नाटक उभं राहतं, त्यावरून ठरायचा. 'ट्रॅजेडी'च्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बकऱ्याचं गाणं'. बकरा कुठून आला यावर पंडितांचं अजून एकमत नाही. 'शोकांतिका' हा शब्द आपण घडवला आणि त्यातल्या 'अंता'त अडकून बसलो.

"मग हे पेपरात लिहू?" भाचीनं विचारलं. मी म्हटलं, थांब, आधी उत्सव समजून घे.

अथेन्सचं नाटक म्हणजे जत्रेचंच नाटक. देव डायोनिसस, द्राक्षमद्याचा. वसंतात त्याचा मोठा उत्सव, आणि ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, त्याच्या देवळाला लागूनच नाट्यस्थळ. आपलं नाटक रात्री दहाला म्हणून साडेअकराला सुरू होतं, त्यांचं भर दिवसा. खर्च कोरेगोस नावाचा श्रीमंत नागरिक उचलायचा. कोरसची तालीम, कपडे, सगळं त्याच्या खिशातून. आमच्याकडे प्रवेश थांबवून माइकवर शंभर रुपये बक्षीस देणाऱ्याचं नाव पुकारतात, त्याचा हा मोठा भाऊ. परीक्षकांची निवड चिठ्ठ्या टाकून व्हायची आणि दहांपैकी पाचच मतं उचलून निकाल लागायचा. एवढं करूनही सोफोक्लिसचं 'ओडिपस राजा' ज्या संचात होतं त्याला पहिलं बक्षीस मिळालं नाही, असं जुन्या नोंदी सांगतात. निकालानंतर पिंपळाखाली बसून परीक्षकांच्या नावानं बोटं मोडणारे तिथेही असणारच.

एकेक कवी तीन ट्रॅजेड्या आणायचा आणि चौथं सॅटर नाटक. घोड्याची शेपटी लावलेले, दारूबाज, वात्रट सॅटर हा त्याचा कोरस. अख्खं उरलेलं असं नाटक एकच, युरिपिडीसचं 'सायक्लॉप्स'. हे वाचताना मला आमच्या देवस्थान समितीतले एक म्हातारे आठवले. दहाएक वर्षांपूर्वी आम्ही नायक मरतो असं नाटक बसवलं होतं. म्हाताऱ्यांनी तालमीला येऊन शेवट ऐकला आणि उठले. जत्रेहून माणूस रडत घरी गेलेला देवाला चालत नाही, मागून एक फार्स लावा, म्हणाले. आम्ही तोंड फिरवून हसलो, पण लावला. पहाटे चार वाजता झोपेनं पेंगलेली माणसं त्या फार्सला जी हसली, तशी अख्ख्या नाटकात कशालाच दाद मिळाली नव्हती.

रडवण्याबद्दल तर अथेन्सनं दंडच केला होता. इ.स.पू. 494 मध्ये इराण्यांनी मिलेटस शहर उद्ध्वस्त केलं. अथेन्सच्या लोकांना ते शहर आपल्यातलं. फ्रिनिकस नावाच्या कवीनं त्यावर नाटक केलं आणि अख्खा प्रेक्षकवर्ग रडला. घरच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून कवीला हजार द्राख्मा दंड झाला, वर ते नाटक पुन्हा करायचं नाही असा हुकूम. हेरोडोटसनं लिहून ठेवलंय. ते म्हातारे आज असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

सुखांतिकेचंही तसंच. ॲरिस्टोफेनिसची कॉमेडी म्हणजे गोड शेवटाची प्रेमकथा नव्हे. तिथे क्लिऑनसारख्या जिवंत पुढाऱ्याची भर सभेत अब्रू काढायचे. मधेच गोष्ट बाजूला ठेवून कोरस प्रेक्षकांकडे तोंड करतो आणि कवीच्या मनातलं सुनावतो. भाचीला हे पटकन कळलं, "म्हणजे तियात्रातलं कांतार!" अगदी तसंच. मडगावात तियात्र, म्हणजे गोव्याचं कोकणी नाटक, बघताना गोष्ट थांबते, गायक पुढे येऊन कांतारात, म्हणजे गाण्यात, सरकारची साल काढतो, टाळ्या घेतो आणि मग गोष्ट पुढे.

बाकीचं तिला भराभर सांगितलं. ऑर्केस्ट्रा म्हणजे वाजवणारे नव्हेत, कोरसनं नाचायची गोल जागा. स्कीनी म्हणजे मागची खोली, मुखवटे आणि कपडे बदलायची. नट सगळे पुरुष. आधी एक, ईस्किलसनं दुसरा आणला, सोफोक्लिसनं तिसरा, आणि त्या तिघांत सगळी पात्रं. आम्हाला स्त्रीपात्रं बाहेरून मानधन देऊन आणावी लागतात, त्यांचं एका मुखवट्यात भागायचं. खून, आत्महत्या बहुधा आत. बाहेर येऊन दूत सांगणार. ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या नाट्यगृहात 55 ओळी, चौदा हजारांच्या आसपास माणसं, आणि बारीक आवाजही वरपर्यंत पोचतो म्हणतात. तिथे मी प्रॉम्प्टिंग केलं असतं तर पहिल्याच रात्री माझी खुर्ची गेली असती.

मग क्रेन. देव वरून उतरवायला त्यांच्याकडे मेखानी नावाचं यंत्र होतं. भाची खुदकन हसली, कारण गेल्या जत्रेचा ट्रिकसीन तिनं पाहिला होता. नारदमुनी दोरावरून उतरताना पुली अडकली आणि मुनी जमिनीपासून आठ फुटांवर गरगरत राहिले. मी विंगेतून वाक्य पुरवतोय, "नारायण, नारायण", आणि मुनी खाली बघून मला दबक्या आवाजात शिव्या देतायत. माइक चालू होता. ॲरिस्टोफेनिसच्या 'शांती' या इ.स.पू. 421 मधल्या नाटकात एक शेतकरी शेणकिड्यावर बसून स्वर्गात निघतो आणि अधांतरी लटकलेला असताना यंत्र चालवणाऱ्याला विनवतो, बाबा रे, नीट लक्ष दे, माझी भीतीनं गाळण उडालीय! तो विनोद लिहून ठेवलेला होता. आमचा आपोआप झाला.

भाचीनं वहीतलं 'शोकांतिका' खोडून सगळीकडे 'ट्रॅजेडी' केलं. मंगळवारी संध्याकाळी फोन आला. प्रश्न आला होता, पण पाच मार्कांचाच. आणि तिनं अर्धं पान नारदावर लिहिलं म्हणे.